गुडघे पाहून अंथरूण

कात्रजच्या वस्त्यांमध्ये सांधेदुखीच्या बाया आमच्याशी बोलतात तेव्हा जिन्याचं सांगतात, पाणी भरण्याचं सांगतात, संडासात बसता येत नाही हे जरा लाजत सांगतात. अंथरुणाचं कुणी आपणहून सांगत नाही. ते काम आहे असं कुणाला वाटतच नाही. म्हणून हल्ली घरभेटीला गेलो की आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो. रात्री अंथरुणं कोण घालतं, सकाळी कोण उचलतं, आणि उचलून ठेवता कुठं?

उत्तर बहुतेक एकच येतं. "मीच की. दुसरं कोण?"

मग आम्ही त्यांच्याबरोबर हिशेब मांडतो. दहा बाय बाराची खोली, घरात सहा माणसं. कॉट एक, तिच्यावर एक नाहीतर दोन जण, बाकीचे खाली. म्हणजे चार जणांची अंथरुणं. खाली चटई किंवा सतरंजी, वर गादी नाहीतर वाकळ, एक उशी, पांघरायला गोधडी. पंधरा-सोळा नग झाले. रात्री ते पोटमाळ्यावरून नाहीतर कॉटखालून काढायचे, वाकून पसरायचे, गुडघ्यांवर रांगत कोपरे सारखे करायचे. सकाळी झटकायचे, घड्या घालायच्या, चळत उचलायची आणि डोक्याच्या वर ढकलायची. जुनी सुती नऊवारी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. तशा पाच-सहा थरांची गोधडी म्हणजे अडीच-तीन किलो. एका माणसाची कापसाची गादी सहा-सात किलोंच्या खाली क्वचितच असते. चार गोधड्या आणि दोन गाद्या धरल्या तरी एका वेळचं ओझं वीस-पंचवीस किलोंवर जातं. सिमेंटचं अर्धं पोतं, रोज दोन वेळा.

वेळही कशी, तर पहाटेची. रात्रभर सांधे हललेले नसतात, म्हणून सकाळी ते सगळ्यांत जास्त आखडलेले असतात. नेमक्या त्याच वेळी आपण त्यांना दिवसातलं अवघड काम सांगतो. जमिनीवरून उठ, वाक, मुठीत कापड घट्ट धर, झटक, खांद्याच्या वर उचल. गुडघा, कंबर, बोटं, मनगट, खांदा, एकही सुटत नाही. थांबायची सोय नसते, कारण नळाला पाणी आलेलं असतं आणि अंथरुणं उचलल्याशिवाय घरात पाय ठेवायला जागा नसते. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, सकाळी सांधे जरा मोकळे होऊ द्या, मग कामाला लागा. ते ज्यांच्या घरात झोपायची खोली वेगळी आहे त्यांना जमतं.

अंथरूणच दुखणं ओळखायला मदत करतं

ओपीडीत डॉक्टर विचारतात, "सकाळी आखडलेपण किती वेळ राहतं?" बाया म्हणतात, "थोडा वेळ." हा थोडा वेळ कुणाचा दहा मिनिटांचा असतो, कुणाचा दोन तासांचा, आणि औषध कोणतं द्यायचं ते बरंचसं त्यावर ठरतं. तेव्हा अंथरुणाच्या भाषेत सांगा. "उठल्यावर पहिली गोधडी घडी करताना मूठ वळत नाही, पण चहा होईपर्यंत ठीक होतं," असं असेल आणि दुखणं मुख्यतः गुडघ्यांत किंवा अंगठ्याच्या बुडाशी असेल, चालून-चढून संध्याकाळी वाढत असेल, तर तो बहुधा झिजेचा संधिवात. वय, वजन, जुनी इजा आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम, सगळ्याचा त्यात वाटा.

पण "अंथरूण उचललं, पाणी भरलं, डबे झाले, तरी बोटं मोकळी होत नाहीत," असं असेल, तास-तासभर आखडलेपण जात नसेल, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजत असतील, अंगात कणकण आणि भयंकर थकवा असेल, तर तो आमवात असू शकतो. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तिशी-चाळिशीतच सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये दोन-तीन पटींनी जास्त आढळतो. सूज सहा आठवडे टिकली तर तेल चोळत बसू नका. ससूनला किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जा, रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आमवातावर लवकर औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बऱ्याच अंशी टाळता येतं. एकदा वाकडी झाली की औषधाने सरळ होत नाहीत.

तिसरी तऱ्हा चिकुनगुन्याची. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात त्याने अनेक घरं धरली होती. ताप चार दिवसांत जातो, पण सांध्यांचं दुखणं काहींना महिनोन् महिने पुरतं. डॉक्टरकडे गेल्यावर "मला चिकुनगुन्या झाला होता" हे विसरू नका.

औषधाचं दोन वाक्यांत सांगतो, कारण ते जिवावरचं आहे. आमवाताला मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते, रोज नाही, आणि रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. घरातल्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा, आणि ती देणाऱ्या सुनेला किंवा नातवालाही वार पाठ असू द्या. नाव न लिहिलेली वाताची पुडी घेऊन "दुसऱ्याच दिवशी पळायला लागले" असं कुणी सांगत असेल तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

कॉट कुणाची?

आता घरातल्या त्या एका कॉटकडे या. तिच्यावर कोण झोपतं? आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत कमावता मुलगा, नाहीतर घरचा पुरुष, नाहीतर शिकणारा नातू. गुडघे गेलेली आजी खाली, शहाबादी फरशीवर, दाराच्या बाजूला, कारण रात्री दोनदा उठावं लागतं. ज्या माणसाला जमिनीवरून उठणं सगळ्यांत कठीण, तेच माणूस जमिनीवर. आणि ज्याला उडी मारून उठता येतं तो कॉटवर. आम्ही हे बोललो की घरात क्षणभर शांतता होते. मग आजीच म्हणते, "मला नाही खाटेवर झोप येत. खालीच बरं वाटतं."

आजीचं हे म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आलेल्या पिढीच्या या बाया. गावात चावडीवरचा माणूस समोरून आला की आपल्या माणसानं खाटेवरून उठायचं, हे त्यांनी आईबापांना करताना पाहिलेलं आहे. पुढे लग्न झालं, सासऱ्यासमोर वर बसायचं नाही. मग मुलगा कमावता झाला. आयुष्यात खाट आपली होती असं कधी झालंच नाही, तर तिच्यावर झोप कशी येईल? सवय लागायला आठ-पंधरा दिवस जातात. पडायची भीती वाटत असेल तर कॉट भिंतीला लावा आणि मोकळ्या बाजूला खाली जाड गोधडी घडी करून टाका. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. आमच्या एका आजीला पंधराव्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "आता कुणाला देणार न्हाई."

सध्या वर्षावास चालू आहे, आणि त्यातून आणखी एक अडचण आमच्या कानावर येते. पौर्णिमेला, अष्टमीला अष्टशील घेणाऱ्या उपासिका त्या रात्री जमिनीवर झोपतात. आठवं शील उंच आणि ऐषारामी शय्या टाळायला सांगतं. गुडघेदुखीची बाई आठवड्यातून एक रात्र फरशीवर झोपते आणि पुढचे तीन दिवस लंगडते. आम्ही नर्स माणसं, शीलाचा अर्थ सांगायचा अधिकार भन्तेजींचा. त्यांना स्वतःची अवस्था सांगून मोकळेपणाने विचारा, संकोच करू नका. पण विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे तो आम्ही प्रत्येक आरोग्य शिबिरात सांगतो. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं. भगवान बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला उचललं आणि मंचकावर निजवलं. आजारी माणसाला खाली ठेवलं नाही, मंचकावर ठेवलं. आणि उचलताना दोघं होते, दोन टोकांना. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवतात.

तेव्हा सांधेदुखीच्या माणसाची लोखंडी कॉट ऐषारामात मोजायची नाही, असं आमचं मत.

कॉट मिळाली म्हणजे झालं असंही नाही. उंची बघा. कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या गुडघ्यांपेक्षा किंचित वर असल्या पाहिजेत. आपल्याकडच्या सर्वसाधारण उंचीच्या बाईला गादीसकट १७ ते १९ इंच बरी पडते, पण इंचांपेक्षा बसून बघणं खरं. कॉट बुटकी असेल तर पायांखाली विटा ठेवू नका. वीट सरकते, फुटते, आणि पडणारी व्यक्ती आधीच हाडांनी कमजोर असते. फॅब्रिकेशनवाल्याकडून चारही पायांना पाइपचे तुकडे वेल्ड करून घ्या, खाली रबरी बूट घाला. चार पायांचं काम आहे, फार खर्चाचं नाही. नवारीची किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांची खाट सैल झाली की मध्ये झोळी होते. त्या झोळीतून उठणं जमिनीवरून उठण्याइतकंच वाईट. ती आवळून घ्या, नाहीतर खाली फळी टाका.

उंच कॉटचा आणखी एक फायदा कात्रजकरांना समजावून सांगावा लागत नाही. आंबिल ओढा आपल्याच डोंगरातून निघतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला तेव्हा काठच्या घरांमधली जमिनीवरची अंथरुणं आधी गेली. कापसाची गादी पुराच्या पाण्यात भिजली की तिचं पुन्हा काही होत नाही. पूर नसला तरी उतारावरच्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये फरशीला ओल येते. ओलीने संधिवात होत नाही, पण गार, दमट अंथरुणात सांधे जास्त आखडतात हे ज्याचं त्याला माहीत असतं. खाली झोपावंच लागत असेल तर फरशीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर चटई, मग गादी. आणि सकाळी प्लास्टिक उचलून वाळवायचं, नाहीतर खाली बुरशी धरते.

आईच्या लुगड्याची गोधडी

पांघरूण हलकं असावं, हे सांगताना आम्हाला फार जपून बोलावं लागतं. आईच्या लुगड्यांची, सासूच्या इरकलीची, हाताने टाके घातलेली गोधडी असते. ती "टाकून द्या" म्हणणारी आरोग्यवाली पुन्हा त्या घरात शिरू शकत नाही, आणि शिरूही नये. पण जड पांघरूण सुजलेल्या घोट्यांवर, बोटांवर दाबतं, कूस बदलताना आधी तेच उचलावं लागतं आणि झोप मोडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास आलेल्या आपल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात अंथरूण-पांघरुणावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. अशक्त माणसाची झोप जड पांघरुणाने उडते, हे तेव्हाच त्यांनी बजावून ठेवलं होतं.

उपाय असा की जाड गोधडी उसवून तिच्या दोन पातळ गोधड्या करा. लुगडी तीच राहतात. दोन पातळ पांघरुणांच्या मध्ये हवा अडते, म्हणून ती एका जाड पांघरुणाइतकीच, कधी जास्तच उबदार होतात. घाटाकडून गार वारा सुटतो त्या डिसेंबर-जानेवारीत दोन घ्यायच्या, एरवी एक. घडी करायला, झटकायला, धुवायला एकेक सुटी. टाके मात्र बोटं दुखणाऱ्या बाईने घालू नयेत. सुई चिमटीत धरून जाड कापडातून ओढणं हे अंगठ्याच्या सांध्याला सगळ्यांत वाईट काम आहे. मशीनवर चार-चार बोटांवर सरळ शिलाई मारून घ्या. हाताच्या टाक्याचं देखणेपण त्यात येत नाही, हे कबूल.

गोधडीला वरून एक खोळ शिवा, जुन्या साडीची, एका बाजूने उघडी. धुवायची ती खोळ. गोधडी वर्षातून दोनदा उन्हात टाकली आणि एकदा धुतली तरी पुरते. चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग लागतो तेव्हा सगळी अंथरुणं एकाच दिवशी धुवायची हौस आपल्याकडे असते. दिवसभर धोपटणं, पिळणं, आणि ऐन जयंतीला बाई सुजलेल्या मनगटांनी बसलेली. रोज एक धुवा. गोधडी पिळूच नका, कठड्यावर किंवा दांडीवर तशीच निथळत टाका, कडक ऊन असलं की दुसऱ्या दिवसापर्यंत वाळते. आणि भिजलेली गोधडी उचलायला तरण्या पोरांना हाक मारा. मिरवणुकीत ढोल गळ्यात अडकवून चार तास चालणारी पोरं ती. त्यांना झेपतं.

घालण्याची आणि उचलण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. नर्सिंगच्या डिप्लोमात पेशंटला हात लावायच्या आधी बेड करायला शिकवतात. तेव्हा कंटाळा यायचा. कमरेतून वाकायचं नाही, पाय फाकवून उभं राहायचं, एक बाजू डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण करूनच दुसऱ्या बाजूला जायचं, म्हणजे फेऱ्या वाचतात. घरातही हेच. चादर काढतानाच चौघडी करून ठेवा. घालताना ती घडी गादीच्या मध्यावर ठेवून दोन्हीकडे उलगडा, म्हणजे हवेत फडकवावी लागत नाही. फडकवणं हे खांद्याचं काम, आणि दुखऱ्या खांद्याला ते नको.

चादरीची कड गादीखाली बोटांनी खोचू नका. लाटणं घ्या. कड गादीच्या काठावर आणा आणि लाटण्याच्या टोकाने आत ढकला, तळहाताच्या जोरावर. गादीचा कोपरा वर करायचा तर चिमटीने नाही, कोपरापर्यंतचा हात खाली सारून. बोटांच्या लहान सांध्यांचं काम मनगटाच्या वरच्या हातावर टाकायचं, हातांचं काम शक्य तिथे शरीराच्या वजनावर टाकायचं. तेवढं लक्षात ठेवलं तर बाकीच्या युक्त्या तुमच्या तुम्हालाच सुचतील. चादरीच्या चार कोपऱ्यांना शिंप्याकडून सैल इलॅस्टिक लावून घेतलं तर खोचायची भानगडच राहत नाही. सैलच हवं. घट्ट इलॅस्टिक ताणताना बोटांची पुन्हा तीच गत होते. उशीच्या अभ्र्याला बटणं, नाड्या नकोत, नुसती आत दुमडणारी पट्टी ठेवा.

कॉट भिंतीला लागलेली असते आणि पलीकडे जाता येत नाही, ही सगळ्यांची अडचण. त्यावर वॉर्डातली एक पद्धत घरी फार कामाला येते. वॉर्डात मोठ्या चादरीवर पेशंटच्या कमरेखाली एक आडवी चादर घालतात. मळली की तेवढीच बदलतात. घरात मोठी चादर महिन्यातून दोनदा, घरातल्या लांब हाताच्या माणसाकडून नीट घालून घ्यायची. तिच्यावर जुनी सुती साडी चौपदरी करून टाकायची. रोज झटकायची-बदलायची ती साडी. वजन काही नाही, एका हाताने होते.

खाली झोपणाऱ्यांची अंथरुणं घडी करण्यापेक्षा गुंडाळा. वळकटी कोपराने, हाताच्या लांब भागाने रेटत करता येते, घडीला बोटं लागतात. वळकटीला जुन्या बॅगेचा रुंद पट्टा शिवून घेतला की ती खांद्याला अडकवता येते, किंवा ओढता तरी येते. ठेवायची जागा कमरेच्या उंचीवर पाहिजे. पोटमाळ्यावर चढवणं आणि शिडीवरून उतरवणं आजपासून बंद करा. लोखंडी पेटीवर, बाकावर, नाहीतर दिवसा कॉटच्याच एका टोकाला चळत राहू द्या, वर चादर टाका. घर पसारा दिसतं म्हणून बाया हे टाळतात. पाहुणे येतात, काय म्हणतील? पाहुण्यांना म्हणावं, वर चढवून द्या.

यातलं खरं औषध मात्र साडी-लाटण्यात नाही. ज्याचं अंथरूण त्याने उचलायचं, एवढा नियम घरात लागला तर गुडघेवाल्या बाईचं पाऊण ओझं उतरतं. सहा वर्षांचं पोर आपली उशी आणि चादर उचलू शकतं. बारा वर्षांचं पोर वळकटी करतं, मुलगा असला तरीही. आम्ही हे वस्तीतल्या बैठकीत बोललो तेव्हा एक तरुण म्हणाला, "आईला आमचं केलेलं पसंत पडत नाही, ती पुन्हा घड्या घालते." हे खरं आहे. आयाबायांनो, घडी वाकडी राहू द्या. आणि विहारातला कार्यक्रम संपल्यावर त्या लांबलचक सतरंज्या गुंडाळायला उरतं कोण, हेही एकदा बघा. बहुतेक ठिकाणी त्याच पन्नाशीच्या चार बाया.

झोपणं आणि उठणं

रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय पुष्कळांना असते, कारण बरं वाटतं. रोज रात्रभर तसं झोपलात तर गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि हळूहळू पूर्ण सरळ होईनासा होतो. आम्ही असे गुडघे पाहिलेत, चाल कायमची वाकडी होते. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये पातळ उशी चालते. उताणं झोपताना पाय सरळ राहू द्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे मात्र पाय पूर्ण पसरतील एवढं अंथरूण गुडघ्याला मिळालंच पाहिजे. डोक्याखाली दोन-दोन उशा नकोत, एक आणि बुटकी. आमवातात मानेचे सांधेही धरतात.

डोळे उघडले की लगेच उठू नका. पांघरुणातच पाच मिनिटं घ्या. मुठी हळू उघडा-मिटा. पावलं वरखाली हलवा. टाच अंथरुणावर घासत गुडघा जवळ आणा, पुन्हा सरळ करा. मग गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. असं दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. झाल्यावर गुंडाळी काढून टाका. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. हा फुकटचा उपाय आहे आणि आम्ही पाहिलेल्यांत सर्वांत जास्त टाळला जाणाराही.

कॉटवरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि तळहात किंवा मनगटाचा भाग टेकून बसते व्हा. मिनिटभर बसून राहा, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. खाली झोपत असाल तर उशाशी भिंतीला टेकवून एक मजबूत खुर्ची ठेवा. प्लास्टिकचं स्टूल नको, ते सरकतं. कुशीवर वळून कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर, गुडघ्यांखाली घडी केलेलं पांघरूण घ्या. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर टेका, त्यातल्या त्यात बऱ्या पायाचं पाऊल पुढे रोवा आणि उठून खुर्चीवर बसा. उठल्यावर पहिलं काम अंथरूण उचलण्याचं नाही. पाणी तापवा, दहा मिनिटं हात कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चहा घ्या. अंथरुणं तोवर पडू द्यात. पाणी भरण्यासाठी वाटेतली वळकटी पायाने बाजूला सरकवली तर काही बिघडत नाही.

मच्छरदाणीचं राहिलं. चिकुनगुन्याचा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा दिवसा झोपणारी लेकरं आणि आजारी माणसं मच्छरदाणीत हवीत. पण रोज चार गाठी मारायच्या-सोडायच्या म्हणजे दुखऱ्या बोटांना शिक्षा. भिंतीत चार हूक कायमचे ठोका आणि मच्छरदाणीच्या कोपऱ्यांना पडद्याच्या कड्या शिवा. अडकवलं, काढलं.

पैशांची थोडी सोय सरकारी योजनेतून होऊ शकते. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदाच थेट बँक खात्यात जमा होतात. कॉट तीत नाही. पण रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या आजीच्या उशाशी कमोड खुर्ची आली तर अंधारात ओल्या पायऱ्या उतरून जाणं वाचतं. आधार कार्ड, बँक पासबुक आणि फोटो तयार ठेवा, आणि सध्या अर्ज घेणं चालू आहे का ते विचारूनच रांगेत उभ्या राहा.

अश्विन पौर्णिमेपर्यंत दर रविवारी आम्ही दोघी-तिघी टेप घेऊन वस्तीत फिरणार आहोत. कॉटची उंची मोजून देऊ, वेल्डिंग किती इंचांचं लागेल ते कागदावर लिहून देऊ. मोजताना कॉटवर झोपणारी व्यक्ती घरी पाहिजे. आणि त्या दिवशी अंथरुणं आमच्या येण्याआधी आवरून ठेवू नका.